जलपर्णी काढायला आम्ही, ध्येय ठरवायला कोण?



आमच्या सिंधुदुर्गातल्याच एका गावात तळं साफ करायचा कार्यक्रम होता. गावाचं नाव लिहीत नाही, कारण प्रश्न त्या एका गावाचा नाही. तळ्यावर जलपर्णी माजली होती. सकाळी सात वाजता बॅनर लागला, नारळ फुटला, टोप्या वाटल्या, भाषणं झाली. साडेआठच्या सुमारास चिखलात कंबरभर पाण्यात कोण उतरलं होतं ते मोजायला आम्ही सहज सुरुवात केली आणि मग मोजतच राहिलो. पाण्यात सतरा माणसं होती, त्यांतली चौदा बौद्धवाडीतली. काठावर पन्नासेक होती. दहा वाजता फोटो निघाले, फोटोत सगळे होते. साडेदहाला काठ रिकामा झाला आणि पाण्यातली माणसं दुपारी दोनपर्यंत पाण्यातच होती. काढलेला ओला गाळ आणि जलपर्णी ट्रॉलीत भरून "खालच्या अंगाला" नेऊन टाकली. खालचं अंग म्हणजे कुठलं हे आपल्या वाचकांना सांगायची गरज नाही.

जेवणाच्या वेळी वाडीतली एक वयस्कर काकी आम्हाला म्हणाली, "गाळ काढूक आमका हाक मारतत. बैठकेक कधी हाक मारल्यानी?"

हा लेख काकीच्या त्या प्रश्नावर आहे. तिथल्या तळ्यावर पुढच्याच पावसाळ्यानंतर जलपर्णी परत आली, हेही नोंदवून ठेवतो. त्याचं कारण काकीच्या प्रश्नातच आहे असं आम्हाला वाटतं.

आधी आपल्याच पोरांचा आक्षेप घेऊ. मसुऱ्यात आम्ही हा विषय काढला तेव्हा एक तरुण कार्यकर्ता स्पष्ट बोलला की शिष्यवृत्ती अडकलेली आहे, भरती रखडलेली आहे, अत्याचाराच्या केसेस उभ्या राहत नाहीत, आणि तुम्ही झाडपाल्याचं काय घेऊन बसलात? हे काम पर्यावरणवाल्यांचं, त्यांचं पोट भरलेलं आहे. त्याचा राग खोटा नाही. आपल्याकडच्या पर्यावरणाच्या चर्चेत जात दिसत नाही, हे मुकुल शर्मांनी 'कास्ट अँड नेचर' या २०१७ सालच्या पुस्तकात सविस्तर मांडलं आहे. पण ज्या चळवळीची पहिली मोठी लढाई एका तळ्यावर झाली, तिने पाण्याचा प्रश्न दुसऱ्यांचा म्हणून सोडून द्यावा, हे आम्हाला पटत नाही. २० मार्च १९२७ ला बाबासाहेब महाडच्या चवदार तळ्याचं पाणी प्यायले. बोले ठरावाने सार्वजनिक पाणवठे १९२३ सालीच कागदावर खुले केलेले होते. कागदावरचा हक्क आणि ओंजळीतलं पाणी यांच्यात किती अंतर असतं, ते महाडला दिसलं. त्यानंतर सवर्णांनी शेण, गोमूत्र, दूध, दही मिसळलेल्या पाण्याच्या १०८ घागरी तळ्यात ओतून तळं 'शुद्ध' केलं. वर कोर्टात दावा लावला, त्याचा निकाल उच्च न्यायालयातून आपल्या बाजूने लागायला १९३७ उजाडलं.

म्हणून तळ्याच्या 'शुद्धीकरणा'चा बॅनर कुठे दिसला की आमचे कान टवकारतात. तळं कुणासाठी स्वच्छ करायचं, कुणाच्या हातांनी, आणि स्वच्छ झाल्यावर त्यावर कुणाचा हक्क, हे तीन प्रश्न आम्हाला महाडने शिकवलेले आहेत.

आता त्या वनस्पतीकडे येऊ. जलपर्णी मूळची दक्षिण अमेरिकेतली, ॲमेझॉनच्या खोऱ्यातली. जांभळ्या फुलांच्या हौसेपायी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीला ती बंगालमध्ये आली आणि तिथून देशभर झाली. पोषक पाणी मिळालं तर एक-दोन आठवड्यांत दुप्पट होते. एका हेक्टरवर तिचं ओलं वजन दोनशे टनांच्या वर जाऊ शकतं, आणि त्यातला बहुतेक भाग नुसतं पाणी. म्हणजे माणूस दिवसभर राबून मुख्यतः पाणीच वाहून नेतो. तिचं बी तळाच्या गाळात पंधरा-वीस वर्षं जिवंत राहतं. वरून गालिचा पसरला की खाली उजेड जात नाही, पाण्यातला प्राणवायू घटतो, मासे मरतात, डासांना घर मिळतं. आंतरराष्ट्रीय जैवविविधता मंचाच्या २०२३ च्या अहवालाने जगात सर्वांत जास्त पसरलेली आक्रमक प्रजाती म्हणून हिचंच नाव घेतलं आहे.

इथे एक शब्द जरा थांबून तपासायला हवा. सरकारी कागदात या वनस्पतींना 'परकीय आक्रमक' म्हणतात. मूळचे आणि परके, शुद्ध आणि भेसळ ही भाषा कुणाच्या तोंडी शोभते आणि तिने माणसांचं काय केलं, हे आपल्याला माहीत आहे. त्यामुळे नुसतं 'बाहेरून आली' म्हणून एखादी वनस्पती वाईट, हा युक्तिवाद आपण स्वीकारू नये. ज्या काजूवर अर्धा सिंधुदुर्ग पोट भरतो तो काजूही ब्राझीलकडचाच, पोर्तुगीजांनी आणलेला. मिरची तिकडचीच, बटाटा तिकडचाच. काजूला कुणी परकीय म्हणून उपटायला निघत नाही, कारण त्याच्यापासून मिळकत आहे. तेव्हा कसोटी जन्मस्थानाची नको. ही वनस्पती इथे कुणाचं काय हिरावून घेते, ही कसोटी हवी. (बांधावर, पाणथळीच्या कडेला माजणाऱ्या एका झुडपाला आपण 'बेशरम' म्हणतो. नाव ठेवण्यात आपला समाज पहिल्यापासून तरबेज.)

आणि ही कसोटी लावली की लगेच दिसतं, नुकसान सगळ्यांचं सारखं नसतं. ज्याच्या घरात बोअरवेल आहे त्याला तळं झाकलं गेल्याचा फरक पडत नाही. त्याला ते दिसायला वाईट दिसतं एवढंच. ज्या बाईला कपडे धुवायला व्हाळावर जावं लागतं, ज्याची दोन गुरं तिथे पाणी पितात, ज्याच्या घरात मृगाच्या पहिल्या पावसात चढणीचे मासे येतात तेव्हाच चार दिवस फुकटचं कालवण शिजतं, त्याचं मात्र जगणं अडतं. ज्याचं नुकसान जास्त त्याचा शब्द ध्येय ठरवताना आधी, एवढं साधं सूत्र असायला हवं. प्रत्यक्षात उलटं होतं. ज्याला दिसायला वाईट दिसतं तो ध्येय ठरवतो, आणि ज्याचं जगणं अडतं तो गाळ काढतो.

ध्येय चुकीच्या माणसांनी ठरवलं की काय होतं याचं एक उदाहरण प्रत्येक कार्यकर्त्याने पाठ करावं असं आहे. राजस्थानात भरतपूरला केवलादेव हे पक्ष्यांचं प्रसिद्ध पाणथळ आहे. १९८२ साली तिथे म्हशी चारायला बंदी केली. पक्ष्यांसाठी जागा मोकळी करायची, हे ध्येय होतं. आजूबाजूच्या गावांना विचारलं नाही. विरोध झाला, गोळीबार झाला, गावकऱ्यांचे जीव गेले. पुढे काय झालं? म्हशी जे गवत खात होत्या ते पाणगवत माजलं, त्याने पाणी भरून टाकलं आणि पक्ष्यांचीच जागा आक्रसली. बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीच्या दीर्घ अभ्यासातूनच हे पुढे आलं, आणि ही संस्था आधी बंदीच्या बाजूची होती. म्हशीवाल्याला जे रोज दिसत होतं ते समजायला शास्त्रज्ञांना दशक लागलं, आणि त्याची किंमत मात्र म्हशीवाल्याने दिली. नंतर त्याच उद्यानात माजलेली विलायती बाभूळ काढायची वेळ आली तेव्हा गावकऱ्यांना सोबत घेतलं, लाकूड त्यांना नेऊ दिलं, आणि काम झालं.

दुसरं उदाहरण बंगालचं. तिथे १९३६ साली जलपर्णीचा कायदाच झाला. आपल्या जागेतली जलपर्णी काढणं ज्याच्या-त्याच्यावर बंधनकारक केलं. १९३७ च्या निवडणुकीत पक्षांनी जाहीरनाम्यांत जलपर्णी हटवण्याची आश्वासनं दिली. पुढे फजलुल हक यांच्या सरकारने 'जलपर्णी सप्ताह'ही पाळला, हजारो लोक पाण्यात उतरले. जलपर्णी आजही बंगालमध्ये आहे. इतिहासकार दाखवतात की रेल्वेच्या आणि रस्त्यांच्या भरावांनी पाण्याच्या वाटा अडवल्या होत्या. पाणी तुंबलेलं ठेवून वरचं तण काढत राहिलं तर असंच होणार. सप्ताह हा प्रकार आपल्याकडेही फार लाडका आहे.

महाराष्ट्रात पंचगंगेचं पाहा. इचलकरंजी आणि शिरोळच्या बाजूला उन्हाळा आला की नदी हिरवीगार होते, यंत्रं लागतात, पैसे खर्च होतात, पावसाच्या पुरात उरलेली वाहून जाते आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच. कारण वरच्या शहरांचं सांडपाणी आणि कारखान्यांचं पाणी नदीत येतच राहतं. जलपर्णीला खाणं आपण घालायचं आणि वर तिला आक्रमक म्हणायचं. तिथे 'जलपर्णीमुक्त नदी' हे ध्येय खोटं आहे. सांडपाण्यावर प्रक्रिया, आणि ती न करणाऱ्यावर कारवाई, हे ध्येय खरं. पण त्यात फोटो निघत नाही आणि मोठ्यांशी भांडण होतं.

आता आमच्या मसुऱ्याकडे. सह्याद्रीतून निघालेली गड नदी कणकवलीवरून इथे येते, भरतगडाच्या पायथ्याशी गाव, आणि पुढे ती कालावलच्या खाडीला मिळते. नदीचा वरचा भाग गोडा, खालचा खारा, आणि मधला ऋतूप्रमाणे कधी गोडा कधी खारा. जलपर्णीला मीठ सोसत नाही. म्हणून खाडीच्या अंगाला तिचा धोका कमी. पावसात वरून वाहून आली तरी पाणी खारं झालं की मरते आणि कुजते. धोका आहे तो तुंबलेल्या गोड्या पाण्याला: तळ्या, बंधाऱ्याच्या पाठचं पाणी, खारभूमीच्या बांधामागचा गोडा पट्टा, न उपसलेले व्हाळ. पंचगंगेसारखी अवस्था आपल्याकडे अजून नाही. त्यामुळे आपलं ध्येय पंचगंगेचं असू शकत नाही. ते कुठून तरी छापील उतरवून ग्रामपंचायतीच्या आराखड्यात घालायचंही काही कारण नाही. आपली लढाई आधीची आहे, ती स्वस्त आहे, आणि नेमकी त्यामुळेच तिच्याकडे कुणी बघत नाही. दहा रोपं दोन पोरं सकाळच्या पारी काढून टाकतात. त्याच दहा रोपांकडे एक हंगाम कुणी पाहिलं नाही की जेसीबी लागतो, निविदा निघते, आणि मग त्यात बऱ्याच लोकांना रस निर्माण होतो.

मग ध्येय कसं असावं? आम्ही वाडीत बसून हे बोललो तेव्हा पहिलं वाक्य आलं, "गाव जलपर्णीमुक्त करायचं." आम्ही ते फळ्यावर लिहिलं आणि विचारलं, झालं हे कुणी आणि कसं ओळखायचं? तासाभराने वाक्य बदललं. नवीन वाक्य काकी-मावश्यांनी घडवलं होतं: मे महिन्यात आमच्या तळीच्या दोन्ही पायऱ्यांवरून पाण्यात उतरता आलं पाहिजे, गुरांची वाट मोकळी पाहिजे, आणि मृगात व्हाळातून मासे वर चढले पाहिजेत. यात शास्त्राचा एकही शब्द नाही आणि तरी हे मोजता येतं. पायरी दिसते की नाही, मासे चढले की नाही, हे दहावी नापास माणूसही सांगेल आणि त्याला कुणी खोटं पाडू शकणार नाही. समाजशास्त्राच्या वर्गात एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचं सामायिक साधनांवरचं काम शिकलो होतो. नियम ज्यांना लागू होतात त्यांचा नियम ठरवण्यात वाटा हवा, असा त्यांच्या मांडणीचा एक खांब आहे. फक्त त्यांच्या 'समुदाय' या शब्दाच्या पोटात आपल्याकडे वाड्या आहेत, आणि वाड्यांना जाती आहेत. गाव म्हणजे एकजीव समुदाय, ही समजूत बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ च्या घटना समितीतल्या भाषणातच मोडीत काढली होती. तेव्हा 'लोकसहभाग' म्हटलं की आम्ही विचारतो, कुठल्या लोकांचा?

मुदतीचंही असंच आहे. बी पंधरा वर्षं जगत असेल तर एका वर्षाचं ध्येय हे ध्येय नाही, तो कार्यक्रम आहे. एकदा काढल्यावर पुढची निदान पाच वर्षं, फुलावर येण्याआधी, दर पावसाळ्यानंतर फेरी मारायची, हे आधीच ठरलेलं आणि त्याचे पैसे आधीच बाजूला काढलेले असले पाहिजेत. मोजणी सोपी ठेवावी: दर महिन्याच्या एक तारखेला त्याच दगडावर उभं राहून मोबाइलवर फोटो काढायचा आणि पाण्याचा किती भाग झाकला ते पाव, अर्धा, पाऊण असं वहीत लिहायचं. आमच्या वाडीतल्या कॉलेजला जाणाऱ्या मुली हे करतील, आणि वही त्यांच्याच ताब्यात राहील. वही ज्याच्या हातात, त्याला फसवणं अवघड जातं.

काय काढायचं नाही हेही लिहून ठेवायला हवं. सफाईच्या जोशात पाण्यातलं हिरवं दिसेल ते ओढलं जातं. कमळ, कुमुदिनी, काठचा लव्हाळा, केवड्याचं बन, खाडीकडची कांदळं, हे सगळं साफ करून सिमेंटचा काठ बांधला की त्याला सुशोभीकरण म्हणतात. माशांना अंडी घालायला जागा उरत नाही आणि वर्षभरात तिथे प्रवेश फी लागते.

आता मजुरी. इथे आम्ही तडजोड करायला तयार नाही. श्रमदान हा चांगला शब्द आहे, पण दान बरोबरीची माणसं देतात. नेहमी एकाच वाडीने द्यायचं आणि दुसऱ्यांनी काठावरून टाळ्या वाजवायच्या, तर ती वेठ आहे. महार वतनाच्या नावाखाली गावाची फुकटची कामं कशी करून घेतली जात, आणि ते वतन मोडण्यासाठी बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात विधेयक का आणलं, हे आजच्या पोरांनी वाचायला हवं. वतन कायद्याने संपलं, पण गावाची सवय अजून गेलेली नाही. तेव्हा नियम साधा असावा: प्रत्येक घरातून पाळी, सगळ्या वाड्यांतून, आणि पाळी नको असेल त्याने मजुरी भरावी. नाहीतर पहिल्या तासापासून सगळ्यांना रोजंदारी. रोजगार हमीचा कायदा या महाराष्ट्रात १९७७ सालीच झाला, पाणवठ्याची कामं त्यात बसवण्याची परंपरा जुनी आहे. आणि एक लक्षात ठेवा, ग्रामपंचायतीने मागासवर्गीयांसाठी राखून ठेवायच्या १५ टक्क्यांतून गावाचं तळं साफ करण्याचा खर्च दाखवला जात असेल तर तिथल्या तिथे हरकत नोंदवा. तळं सगळ्या गावाचं असेल तर पैसेही सगळ्या गावाचेच लागतील.

पाण्यात उतरणाऱ्याच्या जिवाचं कोण बघतं? आपला जिल्हा लेप्टोचा आहे. पावसाळ्यात चिखलात काम करून ताप आलेली, वेळेत औषध न मिळाल्याने गेलेली माणसं सिंधुदुर्गाने पाहिलेली आहेत. गमबूट, हातमोजे, पायाला जखम असेल तर पाण्यात न उतरणं, आरोग्य केंद्राशी आधी बोलून ठेवणं, हे ध्येयाच्या कागदावर पहिल्या पानावर हवं. टोप्या नंतर छापा.

काही जण झटपट उपाय म्हणून तणनाशक सुचवतात. उल्हास नदीवर जलपर्णीवर फवारणीचा प्रयोग झाला आणि त्यावरून वादही झाला. अशा कामाला सर्रास वापरल्या जाणाऱ्या ग्लायफोसेटला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने २०१५ साली मानवात बहुधा कर्करोगकारक म्हटलं आहे, आणि केंद्र सरकारने २०२२ साली त्याच्या वापरावर निर्बंध घातले. शिवाय मारलेली जलपर्णी तिथेच कुजते आणि पाणी आणखी नासतं. ज्या पाण्यात आमच्या बाया उतरतात त्यात फवारणी नको. कीटकांचा उपाय मात्र अभ्यासण्यासारखा आहे. केरळात साल्विनिया या दुसऱ्या पाणतणाने भातशेती आणि होड्यांच्या वाटा बुजवल्या होत्या, तिथे १९८० च्या दशकात एक सोंड्या किडा सोडल्यावर काही वर्षांत तण आटोक्यात आलं. जलपर्णीवरचे किडेही त्याच दशकात भारतात आणले. त्यांचं काम संथ आहे आणि सांडपाण्याने पोसलेल्या जलपर्णीपुढे ते अनेकदा कमी पडतात. ते गावाने परस्पर आणायचेही नसतात, कृषी विद्यापीठाकडे मागणी करायची असते.

काढलेली जलपर्णी कुठे टाकायची, हा प्रश्न शेवटी येतो म्हणून तो आमच्या वाडीच्या वाट्याला येतो. तो पहिल्या बैठकीतच सुटला पाहिजे. स्वच्छ पाण्यातली, फुलावर न आलेली असेल तर वाळवून खत होतं. ते खत कुणाच्या शेतात जाणार हेही विचारा. कारखान्याच्या पाण्यातली असेल तर तिच्यात जड धातू साठलेले असू शकतात, ती शेतात नको.

हे सगळं मांडायची जागा आपल्याला कायद्याने दिलेली आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने प्रत्येक ग्रामपंचायतीत जैवविविधता व्यवस्थापन समिती आली. २००४ च्या नियमांनी तिच्यात एक तृतीयांश महिला आणि १८ टक्के अनुसूचित जाती-जमातीचे सदस्य ठेवायला सांगितलं. २०२३ साली कायद्यात दुरुस्ती झाली, तरी आपल्या प्रतिनिधित्वाचा आग्रह आपण सोडायचा नाही. हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातल्यावर राज्यभर समित्या आणि लोक जैवविविधता नोंदवह्या धडाधड तयार झाल्या. आपल्या गावाच्या समितीत आपल्यातलं कोण आहे? त्या माणसाला आपण सदस्य आहोत हे माहीत आहे का? नोंदवहीत आपल्या वाडीची तळी, आपला व्हाळ आहे का? एका ठिकाणी आम्ही नोंदवही पाहिली तर तीत देवराई होती, देवळाचं तळं होतं, बौद्धवाडीचा पाणवठा नव्हता. नोंदवहीत जो पाणवठा नाही त्याच्यासाठी ध्येय कोण ठरवणार?

आम्ही मसुऱ्यात वाडीची बैठक घेऊन एक कागद तयार केला आहे. दीड पान आहे. त्यात आमच्या पाणवठ्यांची नावं, त्यांचा आज वापर कोण करतं, वर लिहिलेलं मे आणि मृगाचं वाक्य, पाळी किंवा मजुरी, गमबूट, टाकण्याची जागा, आणि पाच वर्षांच्या फेऱ्या एवढंच आहे. तो आधी महिला सभेत बायका वाचतील, मग ग्रामसभेत. विषयपत्रिकेवर यावा म्हणून लेखी अर्ज आधी द्यायचा आणि पोच घ्यायची, हे विसरू नका. गणपूर्तीला १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले जे कमी असतील तेवढे पुरतात, त्यामुळे आपली वाडी पूर्ण उतरली तर सभा तहकूब करायला निमित्त राहत नाही. ठराव इतिवृत्तात शब्दशः लिहून घ्यायचा आणि सही झालेली प्रत मागायची. कागद ग्रामसभेत वाचायला आम्ही काकीच्या वयाच्या एका मावशीला तयार केलं आहे. ती म्हणते, वाचता येत नाही, पण पाठ करते.